माधवनगरची पडायची शिकवणी

आमच्या बॅचमध्ये कुणी नवीन आलं की पहिल्या दिवशी त्याला पोह्यांच्या गाडीवर नेतात आणि कुणीतरी मला म्हणतं, "सुनंदाताई, तो सांडाचा किस्सा सांगा ना!" मी घड्याळ बघते. आठला शाळा, पहिला तास नववी 'ब'ला गणित. दोनच सांगीन, असं बजावते. मग दुसऱ्यातून तिसरा निघतो, तिसऱ्यात कुणीतरी चूक काढतं, चूक सुधारताना चौथा आठवतो, आणि नववी 'ब'ला दहा मिनिटं सुखाची मिळतात. दोन वर्षांत इतके साठलेत की आमचे हे म्हणतात, "तुम्ही व्यायाम करता की नुसते किस्से गोळा करता?" मी म्हणते, दोन्ही. तुम्ही दोन्हीपैकी काय करता ते सांगा.

उज्जैनच्या माधवनगरातली आमची ही बॅच पार्कूरची आहे. मतलब, वाटेत भिंत, कठडा, बाक, पायरी, जे येईल त्यावरून उडी मारत, चढत, लोळत पुढे जायचं. बाकी ठिकाणी हे विशीतली पोरं गच्च्यांवरून करतात. आमच्या बॅचचं सरासरी वय काढायचं नाही, असं सर्वानुमते ठरलंय. मी गणिताची असूनही काढलेलं नाही.

* * *

सुरुवात झाली ती दिनकरराव मुळ्यांच्या बाथरूममध्ये.

दिनकरराव आमचे शेजारी. रेल्वेतून गार्ड म्हणून रिटायर झालेले, वय अडुसष्ट. त्यांची बायको नलू माझी मैत्रीण होती, चार वर्षांपूर्वी गेली. तेव्हापासून एकटेच राहतात. एका दिवाळीत आंघोळीला गेले आणि घसरून पडले. हाड मोडलं नाही, पण मुलगा अभिजित दुसऱ्या दिवशी पुण्याहून हजर! जाताना त्याने फर्मान काढलं, "बाबा, अजून एकदा पडलात ना, तर सामान बांधायचं आणि पुण्याला यायचं. चर्चा नाही!"

अभिजितचा फ्लॅट चौदाव्या मजल्यावर. दिनकरराव तिथे महिनाभर राहून आले होते. "सुनंदाताई," ते मला म्हणाले, "तिथे मी दोनच जणांना ओळखतो. एक वॉचमन, आणि दुसरी ती लिफ्टमधली बाई, जी मजले सांगते." इथे सकाळी घरातून निघून चौकात पोचेपर्यंत दहा जण "गार्डसाब, राम राम" करतात. त्यांना जायचं नव्हतं. अजिबात नव्हतं. 

मग सल्ल्यांचा पाऊस. रबरी मॅट टाका, काठी वापरा, भिंतीला दांडा बसवा. एकजण तर म्हणाले, "या वयात रोज आंघोळ हवीच का?" फक्त केतकीने वेगळं सांगितलं. केतकी म्हणजे दिनकररावांच्या वरच्या मजल्यावरची भाडेकरू, फिजिओथेरपिस्ट, वय सव्वीस, इंदूरला पार्कूर शिकलेली. ती म्हणाली, "काका, तुम्ही पडणारच. सगळेच पडतात. कसं पडायचं ते शिका ना!"

अशी ही जगातली बहुधा एकमेव शिकवणी, जिथे पहिले दोन महिने फक्त पडायला शिकवतात.

* * *

पहिल्या दिवशी बागेत आम्ही पाच जण: केतकी, दिनकरराव, मी, आमच्या गल्लीतल्या मंगलावहिनी आणि बाळासाहेब चिटणीस. केतकीने आधी माहिती दिली. तोल सुधारतो, हाडं बळकट होतात, भीती कमी होते, एकाग्रता वाढते, झोप गाढ लागते, आत्मविश्वास येतो, शरीर आणि मन एकमेकांशी बोलायला लागतात. पोरगी वीस मिनिटं बोलत होती.

बाळासाहेब चिटणीस मागे शाल पांघरून उभे. त्यांचे पूर्वज दरबारात कागदपत्रं लिहायचे, आणि ही गोष्ट बाळासाहेब कुठल्याही विषयात तिसऱ्या वाक्याला आणतात. त्यांनी हात वर केला. "शुगर उतरते का?"

"हो, उतरते ना काका."

"मग एवढंच सांगायचं होतं! शरीर आणि मनाचं आपसात काय बोलणं होतं त्याच्याशी आपल्याला काय करायचंय?"

घरी काय सांगायचं, हाही प्रश्नच होता. दिनकररावांनी अभिजितला फोनवर सांगितलं, "योगा सुरू केलाय." मी आमच्या ह्यांना खरं सांगितलं. ह्यांनी पेपर खाली केला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "उज्जैनला माकडं कमी पडली काय?"

* * *

बाळासाहेब तीन आठवडे रोज आले आणि एकदाही पडले नाहीत. "आमच्या घराण्यात सहा पिढ्यांत चारचौघांत कुणी लोळलेलं नाही." आम्ही गवतावर लोळायचो आणि ते शाल सावरत आम्हाला सूचना करायचे. "दिनकरराव, खांदा आधी! सुनंदाताई, हनुवटी आत! अहो मंगलावहिनी, हे काय पडणं झालं?" मंगलावहिनी एकदा चिडून म्हणाल्या, "मग तुम्ही पडून दाखवा!" त्यावर बाळासाहेब फक्त हसले. दरबारी हसू!

चौथ्या सोमवारी बागेत सांड शिरला. उज्जैनचा सांड, म्हणजे त्याला घाई नसते आणि ब्रेकही नसतात. तो नेमका बाळासाहेबांकडे निघाला, कारण लाल शाल त्यांचीच होती. आम्ही ओरडलो. बाळासाहेबांनी एकदा सांडाकडे बघितलं, एकदा कठड्याकडे, आणि डावा हात टेकून कमरेएवढ्या कठड्यावरून अख्खे पलीकडे! वर खांद्यावरून गोल लोळून दोन पायांवर उभे! शाल अलीकडेच राहिली.

केतकी आनंदाने किंचाळली, "बाळासाहेब, परफेक्ट व्हॉल्ट! एकदम परफेक्ट!"

बाळासाहेबांनी टोपी नीट केली. "व्हॉल्ट वगैरे काही नाही. ती माघार होती. पद्धतशीर."

* * *

केतकीचा एक नियम आहे. कुणी नीट पडलं की सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. का, तर आपल्याला लहानपणापासून पडायची लाज वाटायला शिकवलेलं असतं. लाज वाटली की माणूस आखडतो, आखडला की हाड मोडतं. म्हणून पडला की टाळ्या! मला हे फार पटलं. मी शाळेतही सुरू करणार होते, पण गणितात टाळ्या वाजवायच्या तर वर्गात अभ्यासाला वेळच उरला नसता.

तर मंगलावहिनींच्या भाचीचं लग्न. फ्रीगंजमधलं कार्यालय. मी आणि दिनकरराव पहिल्या रांगेत. मंगलावहिनी स्टेजवर, मुलीकडच्या म्हणून मिरवत. वरमाय भरजरी शालू नेसून स्टेज चढल्या, निऱ्यांत पाय अडकला आणि धाडकन गालिच्यावर बसल्या. लागलं काही नाही. अख्खं कार्यालय चिडीचूप. आणि त्या शांततेत तीन जणांनी कडकडून टाळ्या वाजवल्या!

सवय हो! हात आपोआप उठले. मी लगेच थांबले, दिनकररावांनी हात खिशात घातले. पण मंगलावहिनींचं लक्ष कुठे होतं! त्या पूर्ण जोशात, "वाः! छान! फक्त पुढच्या वेळी हात टेकू नका!"

मुलाकडचे सगळे आमच्याकडे बघायला लागले. मुलीचा बाप पांढरा पडला. आता लग्न राहतंय की मोडतंय, असा प्रसंग. तेवढ्यात व्हिडिओवाला धावत पुढे आला आणि वरमायला हात जोडून म्हणाला, "आंटीजी, एक बार और हो जाए? वो बत्ती चली गई थी मेरी!"

* * *

मनाला फायदा होतो, असं केतकी म्हणाली होती ना, तो मला झाला. ती म्हणते, अडथळा दिसला की तिथे उभं राहून रडायचं नाही, वरून जायला वाट कुठे आहे ते बघायचं.

एका ऑफिसमध्ये माझ्या सर्व्हिस बुकावर एक सही आठ महिने अडकली होती. ऑफिसचं नाव सांगत नाही, माझी अजून एक फाईल तिथे आहे. दारात आडवी लोखंडी दांडी, तिच्यावर पाटी, 'अंदर आना मना है'. दांडीपलीकडे बाबूजी. मी गेले की ते मान वर न करता म्हणायचे, "लंच के बाद आइए." मी लंचनंतर गेले की, "कल आइए."

त्या दिवशी साडेअकरा वाजता त्यांनी लंच सांगितला. आणि मला काय झालं कुणास ठाऊक, मी पर्स खांद्याला अडकवली, पदर खोचला, दांडीवर हात टेकला, एक पाय वर ठेवला आणि दुसरा मधून काढून पलीकडे उतरले. आवाजसुद्धा नाही! बाबूजी खुर्चीतून ताडकन उभे राहिले. "मैडम, बैठिए, बैठिए! अभी करते हैं!"

सही दोन मिनिटांत झाली. पण बाहेर आले तर शिपायाने मला नमस्कार केला. म्हणाला, "मैडम, कमाल कर दिया आपने! साब को खड़ा तो हम पंद्रह अगस्त को ही देखते हैं."

गंमत सोडा, पण एक खरं सांगते. बागेच्या हौदाचा वीतभर रुंद काठ आहे. त्यावरून मी पहिल्यांदा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालले, तेव्हा डोक्यात काही म्हणजे काही नव्हतं. ना पोरांच्या वह्या, ना सासूबाईंची औषधं, ना गॅसचा नंबर. फक्त पुढचं पाऊल. खाली उतरले आणि मला इतका आनंद झाला की मी केतकीला मिठीच मारली. पन्नाशी उलटल्यावर शरीर आपलं ऐकतंय, हे कळणं फार मोठं आहे हो. दिनकरराव तर तेव्हापासून एका पायावर उभं राहून मोजे घालतात आणि कुणी घरी आलं की मुद्दाम मोजे काढून परत घालून दाखवतात.

* * *

सगळ्यांनाच आमचं कौतुक होतं असं नाही. बाग समितीच्या अध्यक्षांनी गेटवर बोर्ड लावला, 'यहाँ कूदना-फाँदना सख्त मना है'. बाळासाहेबांनी अर्ज दिला. अध्यक्ष म्हणाले, "चिटणीस साब, आप लोगों की उमर है क्या ये सब करने की? शोभा देता है क्या?"

मग आली सव्वीस जानेवारी. बागेत झेंडावंदन. अध्यक्ष पांढरेशुभ्र कपडे घालून आले, त्यांच्यामागे समिती, हार, लाडूंची परात. गेटला हे एवढं कुलूप, आणि किल्ली चौकीदाराच्या खिशात. चौकीदार गावी! कुलूप तोडायला हातोडी नाही, भिंत छातीएवढी, आणि समितीतल्या प्रत्येकाचं पोट त्याच उंचीवर.

अध्यक्ष आमच्याकडे आले. "चिटणीस साब, वो ज़रा... आप लोग तो कर लेते हो ना?"

बाळासाहेब म्हणाले, "हओ, कर तो लेते हैं. पर मना है. लिखित में दे दीजिए."

अध्यक्षांनी लाडूच्या बिलामागे लिहून दिलं. आम्ही पाच जण भिंतीवरून पलीकडे गेलो. तिथे गेल्यावर लक्षात आलं की दुसरी किल्ली आतल्या चौकीतही नाही, म्हणजे गेट काही उघडणार नाही. वेळ तर झालेली. शेवटी दिनकररावांनी दोरी हातात घेतली. म्हणाले, "अडतीस वर्षं झेंडीच तर दाखवलीय!" झेंडा फडकला, आतून आम्ही पाच जणांनी जन गण मन म्हटलं, आणि बाहेर अध्यक्षांनी स्वतःच्याच बोर्डखाली उभं राहून सॅल्यूट केला. लाडू त्यांनी भिंतीवरून दिले.

* * *

आता शेवटचा. हा सांगताना मला अजूनही जरा धडधडतं.

मंगलावहिनींना नवीन फोन मिळाला आणि त्यांनी दिनकररावांचा व्हिडिओ काढून स्टेटसला टाकला. खाली लिहिलं, 'आमच्या बॅचची शान'. व्हिडिओत काय, तर दिनकरराव बाकावरून पडतात, लोळतात, उठतात, परत पडतात. आम्हाला सगळ्यांना अभिमान! अभिजितचा नंबर मंगलावहिनींच्या फोनमध्ये आहे, हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

अर्ध्या तासात दिनकररावांना फोन. आवाज मला शेजारी माझ्या घरात ऐकू येत होता. "बाबा, हा योगा आहे? एका मिनिटात अकरा वेळा पडलात तुम्ही!"

दिनकरराव अभिमानाने म्हणाले, "बारा. शेवटचा कापला गेलाय."

तिसऱ्या दिवशी अभिजित दोन तिकिटं घेऊन आला. शुक्रवारची गाडी. मी समजावलं, केतकीने समजावलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मावशी, तुम्ही सगळे चांगले आहात. पण उद्या काही झालं तर रात्रभर प्रवास करून मलाच यायचंय ना? तोपर्यंत मी काय काय मनात आणायचं?" चुकीचं काही बोलत नव्हता बिचारा. आईच्या वेळी तो पोचेपर्यंत उशीर झाला होता. ते त्याच्या मनातून गेलं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं.

दिनकररावांनी वाद घातला नाही. ट्रंक काढली, नलूचा फोटो टॉवेलात गुंडाळून ठेवला. मी घरी येऊन भाजी चिरता चिरता रडले.

गुरुवारी नलूचं श्राद्ध होतं. नदीवर रामघाटाला जायचं ठरलं, मीही गेले. पायऱ्या ओल्या, शेवाळलेल्या. अभिजितने वडिलांचा दंड घट्ट धरलेला. प्रत्येक पायरीला, "बाबा, सावकाश. बाबा, माझा हात सोडू नका. बाबा, खाली बघा." तो इतका वडिलांच्या पायांकडे बघत होता की स्वतःच्या पायांकडे बघायचं राहिलं.

आणि गेला! पाय सटकला, स्वतः तर पडलाच, दिनकररावांनाही घेऊन पडला. माझ्या तोंडून किंकाळी निघाली. तिथे रुंद ओटा आहे, त्यावर दिनकररावांनी हात सोडवला, खांदा टेकला, पाठीवरून तिरके लोळले आणि उभे! धोतर भिजलं, बस्स. अभिजित मात्र तीन पायऱ्या खाली, घोटा धरून. गुरुजींनी मंत्र न थांबवता भांडी बाजूला घेतली.

फ्रीगंजच्या हाडांच्या डॉक्टरांकडे निघालो. ऑटोत अभिजित कळवळत होता, तरी म्हणाला, "बाबा, तुम्ही पडलात. शर्त लक्षात आहे ना?"

"मी पडलो," दिनकरराव म्हणाले. "तू आपटलास."

दवाखान्यात कंपाउंडर व्हीलचेअर घेऊन धावत आला आणि थेट दिनकररावांनाच तिच्यात बसवायला लागला. "आइए बाबूजी, घबराइए मत!" दिनकररावांनी त्याला बाजूला केलं, लेकाला उचलून खुर्चीत बसवलं आणि स्वतः ढकलत आत नेलं.

डॉक्टरांनी एक्स-रे बघितला. "फ्रैक्चर है. छह हफ़्ते प्लास्टर. सफ़र बिल्कुल नहीं. और अकेले तो रहना ही नहीं है. घर में कोई है देखने वाला?"

अभिजितने तोंड उघडलं. त्याच्याआधी दिनकरराव म्हणाले, "है ना."

"कौन?"

"मैं."

डॉक्टरांनी चष्म्यावरून त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं. पांढरे केस, ओलं धोतर. "आप? अंकल, बुरा मत मानिए, इनको आप सँभालेंगे. आप गिर गए तो आपको कौन सँभालेगा?"

 दिनकररावांनी चष्मा काढून माझ्या हातात दिला. घड्याळ काढून अभिजितच्या मांडीवर ठेवलं. खोलीभर एकदा नजर फिरवली आणि अगदी अदबीने विचारलं, "डॉक्टर साब, ये टेबल थोड़ी उधर सरकेगी क्या?"